नखं कापायचा रविवार

"दीड किलोच्या वर गेला, की ससा घराबाहेर," दर्शनाने स्वयंपाकघरातला वजनकाटा रामजीकाकांच्या दारातल्या स्टुलावर ठेवत सांगितलं. "आणि आज माझ्या काट्यावर. तुमच्या त्या जुन्या काट्यावर माझा भरवसा नाय, काका."

"तुझ्याच काट्यावर कर," रामजी म्हणाले. "पण आधी नखं, मग केस, मग वजन. आमच्याकडे असंच असायचं."

आमच्याकडे म्हणजे परळच्या एका संशोधन संस्थेच्या प्राणीघरात. रामजींनी तिथे एकतीस वर्षं ससे सांभाळले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचं 'आमच्याकडे' काही सुटलं नव्हतं. बायको गेली, मुलगी सासरी गेली. चाळीत त्यांच्याशी मन लावून बोलणारं एकच माणूस उरलं होतं, शेजारची आठ वर्षांची मनवा. आणि चार महिन्यांपासून तिचा ससा, बत्ताशा.

बत्ताशा आला त्या दिवशी मनवा त्याला घेऊन आधी रामजींकडेच धावली होती. मागोमाग तिची आई, दर्शना. दुकानदाराने बुटक्या जातीचा म्हणून दिलाय, ते खरं की थाप, एवढंच तिला हवं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं. ससा वाढला तर माणसांनी गॅलरीत झोपायचं का?

"सशांत जाती पुष्कळ," रामजींना विषयच हवा होता. "अंगोरा म्हणजे नुसती लोकर, रोज विंचरत बसा. डचच्या अंगाला पांढरा पट्टा. लॉपचे कान खाली लोंबतात. आमच्याकडे असायचे ते न्यूझीलंड व्हाइट. पांढरेशुभ्र, डोळे लाल, बघता बघता चार-पाच किलो."

"हा पण पांढराच आहे की. डोळेही लाल."

रामजींनी सशाचे मागचे पाय चाचपले. कान ताणून पाहिले. मग मनवाकडे पाहिलं. आईशी भांडून, रडून रडून तिचे डोळेही लालच झाले होते.

"हा बुटकाच," ते म्हणाले. "किलोभर होईल, फार तर थोडा वर. नखं मात्र दर महिन्याला माझ्याकडे कापायची."

बोलता बोलता त्यांनी खिशातलं मार्कर पेन काढून सशाच्या कानाच्या आत 'एक' लिहूनही टाकला.

"अहो काका! सशावर काय लिहिताय?"

रामजी ओशाळले. हाताची सवय. नव्या सशाला आधी नंबर, मग चारा; एकतीस वर्षं दुसरं केलं काय होतं? मनवाने घरी जाऊन खोबरेल तेलाने तो आकडा पुसला. तेव्हापासून सशाच्या कानांना तेल लावायचा तिला नादच लागला. फ्रॉक तेलकट व्हायचे आणि दर्शना वैतागायची.

आज मात्र वैतागायचं कारण वेगळं होतं. "बघा कसा फुगलाय. दोन किलोचा नसेल तर नाव बदलीन."

"केस गं. अर्धा ससा केसांचाच असतो." रामजींनी बत्ताशाला उचललं. "बाहेरच थांबा. नखं कापताना दचकला तर रक्त निघतं."

आतून दार लागलं. आत त्यांचा भाचा विकास होता. त्याने मुरबाडला शेळ्या, कोंबड्या, ससे पाळले होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मामासाठी झाकणाच्या टोपलीतून ताजी भाजी आणायचा आणि दुपारच्या आत टोपली घेऊन परत जायचा.

गॅलरीत दर्शनाने मनवाच्या डोक्यावरून हात फिरवला. तिलाही बरं वाटत नव्हतं. "हे बघ, आज जास्त भरला तर रडायचं नाय हां. आपण चांगलं घर शोधू त्याला."

"नाय भरणार," मनवा म्हणाली. पण आईचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

दहा मिनिटांनी दार उघडलं. रामजींच्या एका हातात ससा, दुसऱ्यात पांढऱ्या केसांनी भरलेला कागद. दर्शनाने स्वतः ससा काट्यावर ठेवला. एक किलो चाळीस ग्रॅम. तिने काटा पुसून पुन्हा ठेवला. एक किलो चाळीस.

"सुटलास रे बाबा," ती म्हणाली आणि हसलीच. "काका, तुमचं ज्ञान मानलं हां."

रामजींनी कपाळावरचा घाम पुसला. विकास टोपली दोन्ही हातांनी उचलून बाहेर आला, तशी मनवा त्याच्या आडवी गेली.

"विकासकाका, तुमच्याकडे सशांना मोकळं सोडता?"

"कुंपणाच्या आत सोडतो."

"आणि कापत नाय ना?"

"नाय गं. मामाने शपथ घातलीय."

मनवाने फ्रॉकच्या खिशातून गाजरं काढून, मोजून त्याच्या टोपलीच्या झाकणावर ठेवली. "तुमच्या सशांना."

"चारच? बाकीचे रुसतील की."

मनवा नुसती हसली. विकास जिना उतरून दिसेनासा होईपर्यंत ती कठड्याशी उभी राहिली.

घरी दर्शनाने कॅलेंडरवर वजन लिहिलं. वळून बघते तर मनवा कपाटाच्या कोपऱ्यात तेलाची बाटली घेऊन बसलेली.

"परत तेल? अगो, आत्ताच फ्रॉक बदललास ना?"

"कान कोरडे पडतात त्याचे."

दर्शना मोरीकडे वळली. मनवाने ससा मांडीवर घेतला, त्याचा कान हळूच उलटा केला आणि रामजीआजोबांनी आत लिहिलेला आकडा तेलाच्या बोटाने पुसून टाकला. या वेळी पाच होता.