पुढील माहिती उपलब्ध नाही

मी पीएचडीच्या तोंडी परीक्षेला निघाले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत म्हणाल्या, “चार वर्षं लिव्हलंस, येक पान तरी वाचून दाखव.” विषय होता, तालुक्यातल्या विस्मरणात गेलेल्या हुशार मुली. मी वाचलं, “शेवंता जाधव. सोनईत मामाकडे राहून शिकली. १९७१ साली अकरावीला तालुक्यात पहिली. गावात कुणालाच आठवत नाही. पुढील माहिती उपलब्ध नाही.” सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी ताटातले तांदूळ सारखे केले आणि बोटानं त्यात लिहिलं, ‘शेवंता’. “लग्नात ह्यांनी तांदळात ‘सुमन’ लिव्हलं. तवापासून सुमनच. जुनं नाव कुनी इचारलंच न्हाई.” “मग मला का नाही सांगितलंत?” “तू गावभर इचारलंस. घरात कुठं इचारलंस?” त्यांनी नाव पुसलं आणि डबा माझ्या हातात दिला. “पुढची माहिती लिव्ह. तुझे डबे करती ती.”