चष्म्याचा स्क्रू

"भाऊजी, डोळे झाकून घ्या! मित्र निम्म्या भावात देतोय," म्हणत मेहुण्याने भरीला घातलं आणि चष्मेवाल्याने आपल्या छंदाच्या छोट्या आगगाडीसाठी एक हिरवं इंजिन घेतलं. रुळांवर सोडताच पहिल्याच वळणावर अडखळलं. "स्वस्तातलं असंच गळ्यात पडतं!" बायकोने स्वयंपाकघरातून टोमणा मारला. मेहुणा शेजारीच चहा फुंकत होता. चष्मेवाल्याने इंजिन उलटं करून झाकण काढलं. आतली मोटर चष्म्याच्या बारीकशा स्क्रूने बसवलेली होती. असला उद्योग त्याने एकदाच केला होता, स्वतःच्या लाडक्या काळ्या इंजिनात. ते स्वतःच्या मुलाला दाखवायला मेहुण्याने नेलं आणि 'प्रवासात हरवलं' म्हणून इथेच बसून डोळ्यांत पाणी आणलं होतं. नखाने खरवडल्यावर हिरव्याखालून काळा रंग निघाला. मेहुण्याचा कप हवेतच राहिला. चष्मेवाला हळूच म्हणाला, "घ्यायला तूच सांगितलंस. आता तुझ्या ताईला काय सांगायचं, तेही तूच सांग."