अक्षर लागलं होतं

मार्तंडरावांनी बाटलीचं बूच काढून नाकाशी नेलं आणि त्यांना कळून चुकलं. हे खोकल्याचं मिक्श्चर नव्हतं, झोपेचं होतं. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी त्यांनीच कापून चिकटवली होती.

काउंटरपलीकडे वनमाला उभी होती. दुकान मुलुंडचं, आणि ती तिथल्याच शाळेत शिकवायची. “दुसऱ्या डोसनंतर बाबा हलवूनही उठेनात,” ती म्हणाली. “इस्पितळात पोट धुतलं. आज सकाळी डोळे उघडले त्यांनी.”

दुकानाचे मालक शरच्चंद्र लगबगीनं पुढे आले. तिच्या हातातली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली.

“बाई, हे अक्षर देवाला तरी लागेल का? आमचा कंपाउंडर काय करणार? डॉक्टरांनाच जाब विचारा. काय हो मार्तंडराव?”

औषधासाठी थांबलेली चार माणसं कान देऊन ऐकत होती. मार्तंडरावांनी चिठ्ठी पाहिली.

“अक्षर मला लागलं होतं,” ते म्हणाले. “फडताळात दोन्ही औषधांच्या बाटल्या शेजारी शेजारी होत्या. लेबल न वाचता मी हात घातला. चूक माझी.”

मालकांनी त्यांना कोपराला धरून कपाटाआड ओढलं. “डोकं ठिकाणावर आहे का? औषधखात्याचा इन्स्पेक्टर येईल. तुमचं नाव जाईल, माझं लायसन जाईल. डॉक्टर मोठा माणूस आहे, तो निभावून नेईल.”

“लायसनवर औषध देणारा म्हणून माझं नाव आहे, डॉक्टरांचं नाही.” मार्तंडरावांनी आवाज खाली आणला नाही.

बाहेर येऊन त्यांनी कागद घेतला. काय द्यायचं होतं, काय दिलं, तारीख, पूर्ण नाव, नोंदणीचा नंबर. खाली सही करून त्यांनी तो वनमालेपुढे सरकवला.

वनमालेनं कागद दोनदा वाचला. “काका, मी हा इन्स्पेक्टरकडे देणार. गय करणार नाही.”

“द्याच. बाटलीही द्या. धुऊ नका मात्र, आहे तशीच राहू दे.”

तिनं दोन्ही वस्तू पिशवीत ठेवल्या, पण ती हलली नाही. मालकांच्या हातातून चिठ्ठी घेऊन तिनं ती काउंटरवर ठेवली.

“इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, खोकल्याचं हेच औषध सुरू करा.”

“आणा, मी स्वतः देतो,” मालक म्हणाले.

तिनं चिठ्ठीवरचं बोट काढलं नाही. “यांनाच करू दे. आणि चिठ्ठी मला परत हवी.”

मार्तंडरावांनी चष्मा पुसला. डॉक्टरांनी लिहिलेलं एकेक औषध त्यांनी चौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं. मग फडताळातून बाटली काढली, आणि बूच उघडण्याआधी तिचं लेबलही वाचलं, तेवढ्याच मोठ्यानं.