धुक्यातली ओ

"मास्तर, ओ!"

उत्तर आलं नाही. सिस्टरनी कोयता खाली केला आणि कान दिला. झाडांवरून थेंब टपटपत होते, बाकी सगळं गप्प.

वृक्षोद्यानाच्या जुन्या भागात स्वयंसेवकांनी जोडीनेच जायचं आणि एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात राहायचं, असा नियम होता. सिस्टर निवृत्त परिचारिका. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्या इथे येऊ लागल्या. त्यांच्या जोडीला मास्तर होते, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. "तुम्ही घर रिकामं म्हणून येता, मी घर भरलेलं म्हणून," असं ते म्हणायचे. म्हाताऱ्या ओकवृक्षांना वेलींनी आवळलं होतं. त्या वेली बुंध्याशी कापायच्या, एवढंच दोघांचं काम. हात चालायचे, तोंडं त्याहून जास्त.

दुपारी धुकं उतरलं, तसे दोघे एकमेकांना दिसेनासे झाले. मग आतल्या बाजूला कुठेतरी कडाडकन काहीतरी मोडलं. त्यानंतर मास्तरांची ओ बंद झाली.

सिस्टर हाका मारत पुढे गेल्या, पण चार पावलांवरचं झाडही नीट दिसेना. आपणच चुकलो तर दोघांचंही अवघड, असं म्हणून त्या पायवाट चाचपत अवजारांच्या खोलीकडे निघाल्या. तिथून वॉकीटॉकीवर कळवता आलं असतं.

खोलीत उजेड होता. शेगडी पेटली होती आणि शेगडीजवळच्या खुर्चीत मास्तर बसले होते.

"अहो, काय माणूस आहात!" सिस्टरांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग आला. "हाका मारून घसा सुकला माझा. सांगून तरी यायचं!"

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "धुकं दाटलं, निघतोय, अशी हाक दिली. तुम्ही ओ दिलीत."

"मी? मी नाही दिली."

सिस्टरनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. मास्तरांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"सिस्टर!"

लांबून आली, पण स्वच्छ. आवाज मास्तरांचा होता.

सिस्टरनी कप खाली ठेवला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मास्तरांचे ओठ मिटलेले होते.

"दाराला कडी घाला," ते हळूच म्हणाले.

"पण हा आवाज..."

"माझाच आहे. माहीत आहे मला. आपण इतके दिवस तिथे बडबडतोय. ऐकणाऱ्याला पाठ व्हायला किती वेळ लागतो?"

सिस्टरनी कडी घातली. वॉकीटॉकी उचलला. त्यात नुसती खरखर होती.

"सिस्टर, फांदी पडली हो! पाय अडकलाय!"

त्यांची पावलं आपोआप दाराकडे वळली. सगळा जन्म वॉर्डात गेलेला. कुणी कण्हलं की उठायचं, हे अंगात मुरलेलं. त्यांनी कडीला हात लावला.

"जा," मास्तर म्हणाले. "पण मी तुमच्यासमोर बसलोय. मग तिथे कुणाकडे जाताय, तेवढं स्वतःला विचारा."

सिस्टर थांबल्या. मास्तरांच्या कपाळावरची आठी, चष्म्याची तिरकी काडी, नखांत अडकलेला हिरवा रंग, सगळं नेहमीचं. बाहेर मात्र नुसता आवाज. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर?

"रक्त थांबत नाहीये, सिस्टर. काय करू?"

त्यांना राहवलं नाही. दाराच्या फटीला तोंड लावून त्या ओरडल्या, "कमरेचा पट्टा काढा! जखमेच्या वर आवळा, मांडीला! घट्ट!"

"उत्तर दिलंत," मागून मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती. "आता त्याला कळलं, तुम्ही कुठे आहात."

त्या दारापासून मागे सरल्या.

"आवळला," बाहेरून आवाज आला. "आता?"

सिस्टर गप्प राहिल्या.

"आवळलाय, सिस्टर. पुढे काय करू?"

त्यांनी तोंडावर हात दाबला. मास्तरांनी समजूत घातल्यासारखी मान हलवली. "बरोबर. दमेल आपोआप."

आवाज खरंच दमत गेला. आधी वाक्यं तुटली, मग नुसतं "सिस्टर", मग "अहो". शेवटी काहीच नाही. सिस्टर भिंतीला टेकून खाली बसल्या आणि कितीतरी वेळाने त्यांनी मोकळा श्वास घेतला. वाचलो, असं त्यांना वाटलं. मास्तर सोबत नसते तर आपण आज त्या धुक्यात गेलो असतो, असंही वाटलं.

दारावर थाप पडली.

"सिस्टर, आत आहात का? मी आहे, दार उघडा." उद्यानप्रमुख बाईंचा आवाज. मागे दोन माळ्यांचं बोलणं, बॅटरीचा झोत, बुटांचा चिखल खरवडल्याचा आवाज. सिस्टर उठल्या. या वेळी मागून कुणी अडवलं नाही.

कडी काढली. उंबऱ्यापाशी माळ्यांनी एक फळी खाली टेकवली. फळीवर मास्तर होते. चेहरा कागदासारखा पांढरा, चष्मा फुटलेला, मांडीला कमरेचा पट्टा घट्ट आवळलेला.

"तुम्ही दोघं वेळेत परतला नाहीत म्हणून शोधायला निघालो. आम्ही पोचलो तेव्हा धुगधुगी होती," बाई रडत म्हणाल्या. "थोडं आधी कुणी गेलं असतं तर वाचले असते. एवढंच बोलले, सिस्टरना सांगा, मीच होतो म्हणावं."

सिस्टरनी सावकाश मागे वळून पाहिलं.

शेगडीजवळची खुर्ची रिकामी नव्हती.