चाळीस गोळ्या

कुलूपकाकांनी टार्गेटचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. दहा गोळ्यांची भोकं इतकी जवळजवळ होती की शर्टाच्या एका बटणाखाली झाकली जावीत. त्यांनी खरोखरच मनगटाचं बटण कागदावर टेकवून पाहिलं. सगळी झाकली गेली.

यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

नेमबाजी क्लबाच्या शस्त्रागाराच्या किल्ल्या वीस वर्षं त्यांच्या कमरेला होत्या, म्हणून त्यांचं नाव कुलूपकाका. कागद होता शिंपीणबाईंच्या मुलीचा. अंगाने काडी, त्यात घरी शिवणकाम, म्हणून क्लबात तिला सगळे टाचणी म्हणत. तीन महिन्यांपासून गोळ्या येणं जवळजवळ थांबलं होतं, आणि बाहेर मिळाल्याच तर भाव ऐकूनच माणसाचा हात थरथरावा. क्लबात होत्या तेवढ्या काका मोजून देत. टाचणीला तीन महिन्यांत चाळीस मिळाल्या होत्या. आकडा त्यांना पाठ होता, कारण एकेक गोळी त्यांनीच तिच्या तळहातावर ठेवली होती.

तिने आणखी मागितल्या की ते म्हणत, "माल नाही गं पोरी, मी काय गोळ्यांची शेती करतो?" ती हसायची आणि जायची. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती गोळ्यांच्या नोंदवहीत सही करून ठेवायची. पुढचे रकाने काका मागाहून निवांत भरत. अक्षर मोत्यासारखं.

रविवारी निवड होती. संघात जागा एकच उरली होती, आणि टाचणीखेरीज त्या जागेचा दुसरा हक्कदार काकांचा सख्खा भाचा होता. संघात गेला की खेळाडू म्हणून नोकरी पक्की होती. तसा शब्द काकांनी बहिणीला दिला होता. भाचा रोज सकाळी रेंजवर असायचा. त्याच्या बंदुकीची नळी पुसून पुसून काकांची बोटं काळी पडली होती. तरी गेल्या चाचणीत तो टाचणीच्या सात गुण मागे राहिला.

चाळीस गोळ्यांत असा नेम? काकांनी एकवेळ सूर्य पश्चिमेला उगवलेला मान्य केला असता. एकच शक्यता उरत होती. पोरीला बाहेरून चोरीचा माल मिळत होता. तेवढं सिद्ध झालं की ती बाद.

तिचं वागणंही सरळ नव्हतं. रोज संध्याकाळी येऊन ती झाडलेल्या गोळीची एक रिकामी पुंगळी मागायची. ती बंदुकीत घालून तासभर नुसता चाप ओढायची. टक. टक. पुंगळी कशाला, असं विचारलं तर म्हणायची, मोकळ्या बंदुकीचा चाप ओढला की आतली पिन खराब होते. जाताना पुंगळी परत द्यायची. काकांना ते सगळं नाटक वाटत होतं. एका दुपारी त्यांनी तिच्या लेनमागची वाळू चाळली. चपटे झालेले शिशाचे तुकडे निघाले एकोणचाळीस. एखादा निसटला असेल. म्हणजे ती इथे नाही, दुसरीकडे कुठेतरी गोळ्या झाडत होती.

त्या संध्याकाळी ते तिच्या मागोमाग गेले.

शिवणाच्या दुकानाचं दार सताड उघडं होतं. टाचणी दाराकडे पाठ करून उभी होती. हातात बंदुकीएवढी काठी, काठीला टांगलेली लोखंडी इस्त्री, समोर भिंतीवर खडूचा ठिपका. इस्त्री जराही हलत नव्हती.

"या ना काका," मशीन न थांबवता शिंपीणबाई म्हणाल्या. "इस्त्री बघताय? कपड्यांच्या वाट्याला येते तेव्हा खरी."

"आई, हसवू नकोस. एकशे दहा झालेत," टाचणी म्हणाली. ती सेकंद मोजत होती.

काका उसनं हसले. त्यांची नजर कपाटाखाली गेली, मग चिंध्यांच्या पेटीत. पेटीत चिंध्याच होत्या. पक्क्या चोराच्या घरात काही सापडतच नसतं. काठी धरून कुणी नेमबाज होत असतं, तर झेंडे धरणारे सगळे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो कागद अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवला. टेबलावर नोंदवही आधीच होती, तिमाहीच्या सहीसाठी त्यांनीच काल पाठवलेली.

"मॅडम, तीन महिन्यांत चाळीस गोळ्या झाडून असा नेम कुणाचाच बसत नाही," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर जाऊ नका. तिच्या लेनमागची वाळू चाळून बघा, चाळीसच्या वर एक तुकडा निघायचा नाही."

अध्यक्षबाईंनी कागद पाहिला. चष्मा चढवला. नोंदवही उघडून टाचणीची सही शोधली आणि बोट आडवं सरकवत नेलं. मग पान उलटलं. मग आणखी एक.

"इथे पहिल्या महिन्यात शंभर आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "दुसऱ्यात शंभर. तिसऱ्यात शंभर. अक्षर तुमचं. तीनशे गोळ्यांत असा नेम बसला तर मला काही नवल वाटत नाही, काका. तिने चाळीसच झाडल्या हे तुम्हाला कसं ठाऊक?"

काकांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

खिडकीबाहेर भाच्याचा सराव चालू होता. गोळीमागून गोळी सुटत होती, जराही हात न आखडता. अध्यक्षबाईंनी पेन उचललं, कान तिकडे दिला आणि प्रत्येक बाराला एकेक रेघ ओढायला सुरुवात केली.