प्रमिलाचा थकवा
दोन महिने टॉनिक पाजूनही बायकोचा थकवा जाईना, म्हणून लीलाधर प्रमिलाला एरंडोलहून धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आला. रक्ताचे रिपोर्ट चांगले निघाले. "ताई, नेमकं काय होतं?" बाईंनी विचारलं. "जेवन, झोप, बठ्ठं बरं शे," लीलाधर म्हणाला. बाईंनी पुन्हा तिलाच विचारलं. प्रमिलाने नवऱ्याकडे पाहिलं. तोच बोलला. "भाऊ, तुम्ही बाहेर बसा." दाराबाहेर बसल्यावर त्याला तिचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. वीस वर्षांत आपण तिला एवढं बोलूच दिलं नाही, हे त्याला उमगलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली. "काय सांगं बाईनी?" "काहीच नई. नुसतं आयकी लिधं." "माले बी सांग ना." "आते नको. बोलीसन थकी गऊ," ती म्हणाली आणि हसली. त्याला मात्र तिच्याकडे बघवेना.