दहापर्यंत मोजणारी माणसं

"कट! आता कोण आपटलं?"

भोंग्यातून इंद्रजितचा आवाज आला तेव्हा शार्दूल धुरात उभा होता. तो चडफडत मागे फिरला. जमिनीवर ज्ञानू आडवा पडून 'आयो, आयो' करत होता. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी ओसरलं की जी भेगाळलेली जमीन उघडी पडते, तिथे मालिकेतली सीमा उभारली होती. शार्दूल त्या मालिकेतला जवान विक्रांत. कुणाचं न ऐकणारा, सदा एकटा पुढे धावणारा. आजच्या प्रसंगात हा विक्रांत पहिल्यांदाच साथीदारांबरोबर धावणार होता. शिट्टी झाली की सातही जणांनी पडल्या पडल्या मनात दहा मोजायचे, समोर मातीत पुरलेला बार उडाला की एकदम उठून पळायचं. बांधाआड बसलेला माणूसही दहा मोजूनच बाराचं बटण दाबायचा. धुरापायी त्याला समोरचं काही दिसत नसे. 'कट' ऐकू आलं तरच तो हात काढून घ्यायचा.

शार्दूलला मात्र हे मोजणं पटत नव्हतं. जवान कधी मोजत बसतो का? सहा-सात झाले की त्याचे पाय निघायचेच. धुरात कुणाला कळतंय!

आदल्या दिवशी याच खोडीने एक प्रसंग वाया गेला होता. दिग्दर्शक इंद्रजित ओरडला नव्हता, थंडपणे म्हणाला होता, "आणखी एकदा एकटा पुढे गेलास, तर शुक्रवारी विक्रांत शहीद. लिहून तयार आहे." सहा वर्षं मुंबईत जोडे झिजवून मिळालेली ही पहिली मोठी भूमिका. इकडे भोरला त्याची आई शैलजाबाई सगळ्या आळीला बोलावून मालिका दाखवत होत्या. आता लेक मेलेला कोणत्या तोंडाने दाखवणार?

आणि अशा आणीबाणीच्या वेळी साथीदार कोण, तर विंझरहून टेम्पोत भरून आणलेले सहा शेतकरी. त्यांचा म्होरक्या हणमंत. साठी गाठलेला, विहिरींना सुरुंग लावण्यात उमर गेलेला. सकाळी त्याने शार्दूलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दादा, कालचं आयकलंय आमी. धा म्हंजी धा मोजा बरं का. बार कुनाला वळखत न्हाई. आमच्या घरची समदी तुमच्यासाठी टीव्हीम्होरं बसत्यात. भोरचं पोर हाय म्हनत्यात."

"मोजतो हो, काका," शार्दूल म्हणाला होता आणि विसरला होता.

पहिल्यांदा सोमनाथ धडपडला. मग दुसऱ्याच्या पायात गोळा आला. आता ज्ञानू.

"दिवसभर चिखलात भात लावता ना तुम्ही?" शार्दूलने त्याला विचारलं. "मग कोरड्या जमिनीवर पाय कसे घसरतात? का आज पडायचे नंबर लावलेत?"

"चुकलं, दादा. सवं न्हाई आमाला."

चौथ्या वेळी चौथा बोंबलत उठला. इंद्रजितने सहाही जणांना चारचौघांत नको नको ते सुनावलं. ती माणसं माना खाली घालून ऐकत राहिली. हणमंतही ऐकत राहिला.

पाचव्या वेळी 'कट' ऐकलं आणि शार्दूलचा तोल गेला. तो बराच पुढे पोचला होता. कमरेची पाण्याची बाटली त्याने उपसून तिथेच आपटली आणि तरातरा मागे आला. पाहतो तर म्हातारा गेनबा बसलेला. त्याला खरंच लागलं होतं. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"तुमाला तर काय झालं न्हाई ना?" गेनबानेच विचारलं.

शार्दूलचा राग तिथल्या तिथे उतरला. स्वतःचा गुडघा फुटलाय आणि हा माणूस माझी चौकशी करतोय. त्याला लाज वाटली. रुमाल काढून त्याने जखम बांधली.

"आता मी तुमच्या शेजारी पडतो," तो म्हणाला. "माझा हात धरा. मी मोजेन. मी उठवल्याशिवाय उठायचं नाही."

शिट्टी झाली. शार्दूलने गेनबाच्या कानाशी एकेक अंक मोजला. आठ. नऊ. दहा. बार उडाला, माती अंगावर आली, आणि सातही जण खांद्याला खांदा लावून धावले.

इंद्रजित स्वतः चालत आला. "हाच विक्रांत मला हवा होता. शुक्रवारचं पान फाडतो."

शार्दूलने भोरहून पेढे मागवले आणि सहाही जणांना हाताने भरवले. त्याचं मन भरून आलं होतं. "तुम्हाला सांभाळून घेता घेता मी शिकलो, काका. फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसलं, दादा? इर्जिकीत कोन कुनावर उपकार करतंय?"

एकाच्या वावरात सारा गाव राबतो, ती इर्जिक. तिचा इथे काय संबंध, ते शार्दूलला कळलं नाही. म्हाताऱ्याचं बोलणं, म्हणून त्याने सोडून दिलं.

घरी जाताना गाडीत मोबाईल वाजला. इंद्रजितची सहायक नीरजा मागच्या टेकाडावरून गंमत म्हणून चित्रीकरण करत होती. ते तिने धाडलं होतं. आईला दाखवू, म्हणून शार्दूल हसत हसत पाहू लागला. मग त्याने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मागून सगळंच दिसत होतं. शार्दूल उठून धुरात शिरला की हणमंत शेजारच्याच्या पाठीवर थाप मारी, आणि तो माणूस उठून धाडदिशी आपटे. सोमनाथ, पुढचा, ज्ञानू, चौथा, गेनबा, ओळीने. सहाव्या वेळी थाप मारायला कुणी उरलं नव्हतं. हणमंत स्वतःच जमिनीला हात टेकून उठू लागला होता, तोच शार्दूल गेनबाजवळ अजून पडून आहे हे त्याने पाहिलं आणि तो पुन्हा निजला. बार उडाला. मातीच्या लोटाबरोबर शार्दूलची पाण्याची बाटली झाडाएवढी उंच गेली, आणि हणमंतने पडल्या पडल्या दोन्ही हात जोडले.